इंदूआक्कांचे फिरते डबे

आमच्या शेजारच्या इंदूआक्कांच्या घरात साखर कुठे आहे हे खुद्द इंदूआक्कांनाही ठाऊक नसायचं, आणि त्याचा त्यांना मनापासून अभिमान होता. पाहुणा आला की चहाचं आधण ठेवून त्या एकेक डबा उघडत. एकात तूरडाळ निघे, दुसऱ्यात शिकेकाई, तिसऱ्यात मागच्या आठवड्यात हरवलेला चष्मा. पाहुणा अवघडून म्हणे, "राहू द्या आक्का, बिनसाखरेचा चालेल." आक्का मान हलवत. "तसं न्हाय चालायचं. सापडणार. डोकं कामाला लागलंय." तोवर आधण आटून निम्मं झालेलं असे.

हा विसराळूपणा म्हणाल तर तसं मुळीच नाही. दर रविवारी न्हाणं झालं की आक्का पदर खोचून स्वयंपाकघरातले सगळे डबे इकडचे तिकडे करत. मीठ वरच्या फळीवर, पोहे खाली, हळद एकदम भिंतीतल्या देवळीत. काडेपेटी तर अशा ठिकाणी जाई की गॅस पेटवायला कधीकधी माझ्या घरी यावं लागे. हे सगळं त्या शुद्धीत आणि ठरवून करत. त्यांचा सिद्धान्त सोपा होता. "हाताला जागा पाठ झाली की डोकं निजतंय. आन एकदा निजल्यालं डोकं परत उठंलच, म्हणून कोन सांगितलंय?"

म्हणून त्या भेटेल त्याला नमस्काराऐवजी एकच विचारत, "डोकं जागं हाय न्हवं?" पोस्टमनला विचारत, दवाखान्यात डॉक्टरांना विचारत. आमच्या कॉलनीतल्या एका लग्नात त्यांनी अक्षता टाकता टाकता नवऱ्या मुलालाही विचारलं. मुलगा दचकला आणि त्याने वळून आपल्या वडिलांकडे पाहिलं. आक्का समजुतीने म्हणाल्या, "असू दे. आज निजलेलं बरं."

आक्का म्हणजे जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर. आधी निपाणीला, मग बेळगावला. कानाला यंत्र, समोर छिद्रांची फळी आणि दोन्ही हातांत दोऱ्या, अशी त्यांची निम्मी हयात गेली. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारी, अडतवाले, डॉक्टर, शाळा, सगळ्यांचे नंबर त्यांच्या तोंडावर होते. माणूस नुसता "हॅलो" म्हणाला की त्याला कुणाशी बोलायचंय हे त्यांना कळे, असं त्या सांगतात, आणि मी ते खरं मानते, कारण मी दारात नुसती खाकरले तरी त्या आतून "दूध नासलं व्हय?" असं विचारत आणि दूध नासलेलंच असे.

मग यंत्रं बदलली, दोऱ्या गेल्या आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये जाऊन बसले. आक्कांना हे अजून पटलेलं नाही. "मानसानं डोकं भाड्यानं दिलंय," त्या म्हणतात, "आन भाडं बी त्योच भरतोय." त्यांच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये एकही नाव साठवलेलं नाही. नंबर आठवायचा आणि दाबायचा. आता सत्तरी ओलांडल्यावर मधला एखादा आकडा मागेपुढे होतो, आणि फोन भलत्याच घरी लागतो. दुसरा कुणी असता तर 'सॉरी' म्हणून ठेवून दिला असता. आक्का चौकशी सुरू करतात. कुठलं गाव, पाऊसपाणी काय, घरात कोण कोण. संकेश्वरचे एक निवृत्त हेडमास्तर त्यांना असेच लाभले. त्यांच्या नातीच्या बारशाला आक्का झबलं-टोपडं घेऊन जाऊन आल्या. मी हसले तेव्हा म्हणाल्या, "राँग नंबर म्हंजे काय गं? वळख व्हायची ऱ्हायलेला मानूस."

आमच्या बेळगावकडे बायकाही 'मी आलो, मी गेलतो' असंच बोलतात, हे बाहेरच्या वाचकाला सांगून ठेवलेलं बरं. "काल हितनं गेलतो, आज तितनं जातो," हे आक्कांचं रिक्षावाल्याशी रोजचं बोलणं. एकाच रस्त्याने मार्केटला दोनदा जायचं नाही हा त्यांचा नेम. आमची कॉलनी हिंडलग्याच्या वाटेवर. तिथून मार्केटला जायचे रस्ते असून असून किती असणार? ते संपल्यावर आक्का नवे काढू लागल्या. एका सकाळी भाजी आणायला म्हणून गेलेल्या आक्का दुपारी परतल्या त्या कंग्राळीहून. तिथल्या एका शेतकऱ्याच्या मळ्यात बसून त्यांनी भाकरी खाल्ली होती आणि येताना पिशवीभर वांगी आणली होती. मार्केटला त्या पोचल्याच नव्हत्या. पण भाजी आली होती, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायला जागा राहिली नाही.

शनिवारी त्या फक्त कन्नड बोलत. तेही डोक्यासाठी. आमचा दूधवाला बसवराज घरी कन्नड बोलणारा, पण मराठी गिऱ्हाइकाशी मराठी बोलायची त्याची सवय. त्यामुळे दर शनिवारी आमच्या फाटकात एक देखावा व्हायचा. बसवराज मराठीत विचारायचा, "आक्का, किती घालू?" आक्का कन्नडमध्ये सांगायच्या. तो मराठीत म्हशीची तब्येत सांगायचा, त्या कन्नडमध्ये औषध सुचवायच्या. दोघांनाही दोन्ही भाषा येतात, दोघंही मागे हटत नसत. शेवटी आक्का "साकु, साकु" म्हणून पातेलं ओढून घ्यायच्या, म्हणजे पुरे. या सरावाने बसवराजचं मराठी मात्र चांगलंच सुधारलं.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "आक्का, एवढा खटाटोप कशासाठी?" त्या लसूण सोलत होत्या, डाव्या हाताने, कारण तो महिना डाव्या हाताचा होता. म्हणाल्या, "तुझं बरं हाय सुजाता. उद्या तू इसरलीस तर आठवण करून द्यायला घरात मानसं हाईत. मला कोन सांगनार, इंदू, ह्यो तुझा दात घासायचा ब्रश म्हणून?" त्या हसत बोलल्या, म्हणून मीही हसले. त्यांचे यजमान फार लवकर गेले, मूलबाळ नाही. पण आक्का कधी कुणाला तसं जाणवू देत नसत, आणि डब्यांच्या गमतीत माझ्याही ते लक्षात राहत नसे.

मग माझी आई आमच्याकडे राहायला आली.

आई निपाणीची. लग्न होऊन आली ती तंबाखूच्या वखारीत कामाला लागली, आणि घरी आल्यावर विड्या वळायला बसायची. त्यावर तिने दादाला आणि मला शिकवलं. दादा इंजिनियर होऊन बेंगळुरूला गेला, मी बेळगावात कॉलेजात शिकवते. आई मात्र निपाणीचं घर सोडायला तयार नव्हती. शेवटी तिचं विसरणं वाढलं, एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला तरी तिला कळलं नाही, तेव्हा दादाने आणि मी घराला कुलूप लावलं आणि तिला इकडे आणलं.

विसरणं हा प्रकार मी तोवर पुस्तकी समजत होते. मला वाटायचं, पाटीवरची अक्षरं पुसत जावीत तसं सगळं सारखंच पुसलं जातं. तसं नव्हतं. आई मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारायची, पण सकाळची बुद्धवंदना त्रिसरणापासून शेवटपर्यंत एकही शब्द न गाळता म्हणायची. जेवली की नाही हे तिला सांगता येत नसे, पण बसल्या बसल्या बोटं चालू असत. बसचं तिकीट, वर्तमानपत्राचा कपटा, काहीही हाताला लागलं की त्याची सुरेख विडी वळून, टोक दाबून ती ओळीने मांडून ठेवायची. आमच्या घरात वाणसामानाची एकही यादी सरळ राहिली नाही.

हे सगळं चाललं असतं. चालत नव्हती ती संध्याकाळ. ऊन उतरलं की आई पिशवी भरायची. "घरी जातो आता. लई दिस झालं." हेच तुझं घर म्हटलं की ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मी तिला फसवतेय. माझे यजमान हुबळीला नोकरीला, ते शनिवारी येतात. माझं कॉलेज दुपारचं. एका दुपारी आई पिशवी घेऊन चालत मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. ओळखीचा रिक्षावाला होता म्हणून परत आली. त्या रात्री दादाचा फोन आला. तो चिडला नव्हता, काळजीत होता. म्हणाला, "तू नोकरी सोडायची नाहीस. इकडे अशा लोकांना सांभाळणारी एक चांगली जागा आहे. महिनाभर बघू, नाहीतर आईला तिथे ठेवू." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण जिने आयुष्यभर दारी आलेल्याला चहा केल्याशिवाय सोडलं नाही, ती परक्या शहरात अनोळखी माणसांनी दिलेला चहा पीत बसणार, हे मला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं.

आक्कांना हे कळलं आणि त्या उत्साहाने उठल्या. "एवढंच व्हय? मी जागं करतो की तिचं डोकं." दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात असताना त्यांनी माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. सगळे डबे हलवले आणि आईला म्हणाल्या, "शेवंताक्का, आता हुडका बरं साखर." त्यांच्या दृष्टीने हे औषधच होतं. आई एक डबा उघडून बघायची, बंद करायची, दुसरा उघडायची. मी घरी पोचले तेव्हा ती ओट्याखाली फरशीवर बसली होती, हातात रिकामं पातेलं. "माजं काय चुकलं?" ती आक्कांना विचारत होती. "मला जाऊ द्या. मी काय बी घेतलं न्हाय."

आक्का उठून गेल्या. आई त्या दिवसापासून स्वयंपाकघरात पाऊल टाकेना. आक्काही आमच्या फाटकात दिसेनाशा झाल्या. रविवार आला, पण शेजारून डबे सरकल्याचा आवाज आला नाही. शनिवारी बसवराजने त्यांच्या दारात मराठीत विचारलं आणि आक्कांनी मराठीतच उत्तर दिलं. तो बिचारा मला येऊन विचारून गेला, "आक्कांना बरं नाही का?"

काही दिवसांनी त्या आल्या, त्याही मागच्या दाराने. "डोकं जागं हाय न्हवं" वगैरे काही नाही. खाली बसल्या आणि म्हणाल्या, "सुजाता, मी चुकलो. माझं आवशीद तिला न्हवतंच. तुझी आई वट्ट्याजवळ हुबी ऱ्हायली की तिचा डावा हात कुटं जातोय, बगितलाईस?"

मी पाहिलं होतं. आईचा हात दर वेळी ओट्याच्या डावीकडे, खांद्याच्या उंचीला, कोऱ्या भिंतीवर जायचा. तिथे चाचपायचा आणि परत यायचा. मला वाटायचं, तिला भ्रम होतोय.

"तितं काय तरी व्हतं," आक्का म्हणाल्या. "तिच्या हाताला अजून म्हाईत हाय. तू ठेवल्यालं न्हाय, एवढंच." मग म्हणाल्या, "निपाणीच्या घराची किल्ली दे. तिची वाकळ आणतो. जुनी वाकळ अंगावर आसली म्हंजे झोप लागती."

वाकळ हे निमित्त आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की आक्का आता चिकोडीवरून जाणार की गोकाकवरून, आणि किती दिवसांनी उगवणार. आक्का हमरस्त्याने, सरळ बसने गेल्या आणि त्याच दिवशी परत आल्या. त्यांच्या आयुष्यातला हा पहिला सरळ प्रवास असावा. वाकळ मला दिली. बरोबर एक मोठं बोचकं होतं, त्यात काहीतरी खडखडत होतं. ते मात्र त्या आपल्या घरात घेऊन गेल्या.

"घराचे फोटो तरी काढायचे होते मोबाईलवर," मी म्हटलं. "आईला दाखवले असते."

"फोटू कशाला? डोकं हाय न्हवं?" खूप दिवसांनी त्या स्वतःसारखं बोलल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी फर्मान काढलं, की दुपारी आईला त्यांच्याकडे सोडायचं. ज्या घरात धडधाकट माणसाला साखर सापडत नाही, तिथे आई? पण दादाने दिलेला महिना सरत होता आणि मला दुसरा मार्ग दिसत नव्हता. मी तिला सोडून कॉलेजात गेले आणि वर्गात काय शिकवलं ते माझं मला माहीत नाही. परत आले तेव्हा आई आक्कांच्या ओसरीवर बसून वाती वळत होती. आक्कांनी मला आत येऊ दिलं नाही. "भाईरच बस. आत पसारा हाय." त्यांच्या घरातला पसारा मला नवा नव्हता, म्हणून मी ओसरीवरच टेकले.

त्यानंतर संध्याकाळी आई पिशवी भरेनाशी झाली. पहिल्यांदा मला वाटलं, विसरली असेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मीच न राहवून विचारलं, "आई, घरी जायचं नाही?" ती माझ्याकडे आश्चर्याने बघत म्हणाली, "आत्ताच आलो की घरनं." आणि तिने माझ्या हातातली पावती घेऊन तिची विडी वळली. दादाला फोनवर सांगितलं तर त्याला खरंच वाटेना. मलाही ते कशामुळे झालं हे सांगता येत नव्हतं.

ते कळलं एका दुपारी. कॉलेजात परीक्षा लवकर आटोपली आणि मी वेळेआधी घरी आले. आक्कांच्या पुढच्या दाराला आतून कडी होती, म्हणून परसातून मागच्या दाराशी गेले. दार उघडं होतं. मी उंबऱ्यापाशी आले आणि तिथेच थबकले, कारण समोर आमचं निपाणीचं स्वयंपाकघर होतं.

खिडकीच्या डावीकडे खांद्याच्या उंचीला फळी. फळीवर पोपटी डबा, झाकणाला पोचा असलेला, चहाचा. त्याला खेटून साखरेचा पितळी डबा. खाली खिळ्याला गाळणी. काडेपेटी देवळीत उजव्या कोपऱ्याला. भिंतीला आईचं विड्यांचं सूप टांगलेलं. मी अभ्यास करत ज्या कोपऱ्यात बसायची, तिथे आमचा जुना पाटसुद्धा होता. माझ्या घरातली खिडकी भलत्या बाजूला, कप्पे सरकते. तिथे हे जमलं नसतं. आक्कांचं घर जुनं कौलारू, ओट्यापाशी खिडकी तशीच. फळी तेवढी नवी ठोकलेली होती.

आई ओट्याशी उभी होती. ती खिडकीतून बाहेर बघत होती, बहुतेक परसातल्या कोंबडीकडे. न बघताच तिचा डावा हात वर गेला आणि पोपटी डबा हातात आला. तिने चिमटीने चहा टाकला, डबा जागेवर ठेवला, हात बाजूला सरकवून साखर घेतली. कुठे अडली नाही. ती खालच्या आवाजात काहीतरी गुणगुणत होती. इतक्या महिन्यांत मी माझ्या आईला पहिल्यांदा पाहत होते.

पाटावर इंदूआक्का पाय दुमडून, पदर सावरून बसल्या होत्या. स्वतःच्याच घरात त्या पाहुणीसारख्या बसल्या होत्या.

"कुठनं आलासा म्हनला?" आईने विचारलं.

"खानापुरास्नं," आक्का म्हणाल्या.

"आगाबाई, लांबनं आलासा की. भात कापनी झाली?"

"चालू हाय. औंदा दाना बरा हाय."

आक्कांनी मला पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं. आई चहा गाळून बशी घ्यायला वळली, तेवढ्यात त्या उठून दाराशी आल्या.

"रोज इचारती," त्या हळूच म्हणाल्या. "मी रोज नवं गाव सांगतो. काल गोकाकची व्हतो, परवा रायबागची. गावाचं पीकपानी, पावनंरावळं, सगळं आदी जुळवून ठेवाय लागतं. एकदा सांगितल्यालं गाव परत सांगायचं न्हाय. माझं बी डोकं जागं ऱ्हातंय."

"आणि तुमचे डबे?" मी विचारलं. "रविवारी हलवत नाही?"

"हलवून कसं चालंल? तिच्या हाताला सापडाय नगं?"

"पण मग तुमचं डोकं निजेल की, आक्का."

त्यांनी ओट्याकडे पाहिलं. "निजू दे की जरा," त्या म्हणाल्या. "लई वर्सं जागंय."

लसूण सोलताना त्या हसत हसत जे बोलल्या होत्या, ते मला तेव्हा उमगलं. डबे हलवणं हा आक्कांचा विक्षिप्तपणा नव्हता. एकट्या बाईने आपल्या म्हातारपणाला लावलेली ती कडी होती, आणि माझ्या आईसाठी ती कडी त्यांनी आपल्या हाताने काढली होती. हाताच्या सवयीशी जन्मभर भांडलेल्या बाईने माझ्या आईच्या हाताची सवय तिला परत मिळवून दिली. त्यांचे आभार कसे मानावेत हे मला आजही कळत नाही. मी तेव्हा त्यांचे हात धरले, तर त्या म्हणाल्या, "सोड. च्या गार हुतोय."

आई दोन कप घेऊन आली. मला बघून क्षणभर थांबली आणि आक्कांना विचारलं, "ह्या कोन?"

"माझ्यासंगं आलीया," आक्का म्हणाल्या.

"मग हुबी का? बसा की बाई." आईने मला पाटावर बसवलं, एक कप माझ्या हातात दिला आणि दुसरा खाली टेकलेल्या आक्कांना. साखर मला लागते तेवढीच होती, जरा जास्त. तिने माझं नाव विचारलं नाही, आणि मलाही ते सांगावंसं वाटलं नाही. मी तो चहा प्यायले. दादाला फोन करून त्या जागेचं नाव पुन्हा काढू नकोस असं सांगायचं, हे मी तो कप खाली ठेवायच्या आत ठरवलं होतं.

आई आक्कांच्या समोर बसली. चांगल्या यजमानिणीने विचारावं तसं तिने विचारलं, "खानापुरात घरी कोन हाय? वाट बगत आसतील."

आक्कांनी गावाचं पीक जुळवून ठेवलं होतं, पाऊस जुळवून ठेवला होता. हे मात्र जुळवलेलं नव्हतं, असं त्यांच्या तोंडाकडे बघून मला वाटलं. त्या बशीत चहा ओतून फुंकर घालत राहिल्या. बाहेर कोंबडी ओरडली, तिकडे आईने पाहिलं आणि परत आक्कांकडे पाहिलं.

"हाय की," आक्का म्हणाल्या. "थोरली भैन हाय. लई झ्याक च्या करती."

"मग उशीर करू नगासा. जीव लागून ऱ्हातो थोरलीचा."

"व्हय," आक्का म्हणाल्या. "जातो. पर वाईच च्या आनखी मिळंल काय?"

"न मिळाय काय झालं?" म्हणत आई गुडघ्यावर हात ठेवून उठली. तिने पातेलं गॅसवर ठेवलं आणि आमच्याशी बोलता बोलता, मागे न बघता, डावा हात वर नेला. साखर जागेवर होती.